जुना पीसी, लिनक्स मिंट आणि आईचं कृतिदेव

मशीन आधी सांगतो, म्हणजे तुमच्याकडच्याशी जुळतंय का बघता येईल. २०१३ साली कोल्हापुरात, राजारामपुरीत असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप. इंटेल आय३-३२२०, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज ७ वर सुरू झाला, पुढं १० वर गेला. वापरणारे तिघं. आई कृतिदेव या मराठी फॉन्टमध्ये भजनी मंडळाचं टायपिंग करते, बायको भिशीचा हिशोब ठेवते आणि उरलेल्या वेळात मी. घर शिवाजी पेठेत, नोकरी शिरोलीच्या एका फाउंड्रीत मेंटेनन्सला. त्यामुळं स्क्रूड्रायव्हरची भीती नाही, कमांडची आहे.

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

विंडोज १० चे मोफत अपडेट परवा, १४ तारखेला संपतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. आमचा तिसऱ्या पिढीतला. वर्षभराची मुदतवाढ घेता येते, पण जे मशीन चालू व्हायलाच चार मिनिटं घेतं त्याला मुदतवाढ देऊन काय करायचं? नवीन घ्यायचं तर तीस-पस्तीस हजार. बायको म्हणाली, "अहो, आधी बाथरूमच्या फरशीचं बघा."

म्हणून लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम. निवड करायला दोन रात्री घालवल्या, त्यातलं काही इथं लिहीत नाही. फुकट आहे, दिसायला विंडोजसारखं आहे आणि आईला खाली डावीकडं मेनूचं बटण सापडेल, एवढ्यावर ठरवलं.

आईची अट एकच. कार्तिकी एकादशीला, म्हणजे २ नोव्हेंबरला, मंडळाच्या बायकांना अभंगांची पानं वाटायची आहेत. चाळीस अभंग. तोवर कॉम्प्युटर चालू पाहिजे. मी म्हटलं, "तीन आठवडे आहेत आई, दोन दिवसांचं काम आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मिंट २२.२, नाव 'झारा', गेल्याच महिन्यात आलेलं. उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बांधलेलं आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. फाइल तीन जीबीच्या आसपास. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावून झोपलो. रात्रीत कधीतरी तुटून पुन्हा सुरू झालं असावं. सकाळी फाइल पूर्ण दिसत होती, म्हणून तशीच रुफस नावाच्या प्रोग्रामनं पेनड्राइव्हवर चढवली.

संध्याकाळी पेनड्राइव्हवरून चालू केलं तर मिंटचा लोगो आला आणि तिथंच थांबला. रॅम काढून, खोडरबरानं पुसून परत बसवली. पेनड्राइव्ह वेगळ्या पोर्टला लावला. बायोस म्हणजे मशीन चालू होताना मदरबोर्डवर आधी चालणारा प्रोग्राम, त्यातली एक-दोन सेटिंग उगाचच बदलली. अडीच तास गेले.

मग फाइल तपासायची सुचली. विंडोजच्या काळ्या खिडकीत 'सर्टयुटिल' नावाची कमांड आहे, ती फाइलचा शा-२५६ आकडा, म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा, काढून देते. तो मिंटच्या साइटवर दिलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे. आमचे पहिलेच चार आकडे वेगळे. फाइल फुटकी. तपासायला लागलं एक मिनिट, ते आधी केलं असतं तर अडीच तास वाचले असते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मेव्हण्याकडं फायबर आहे. तिथं फाइल उतरवली आणि आकडा शेवटपर्यंत जुळवला. पेनड्राइव्ह नवा घेतला, ३५० रुपये.

इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून बघता येतं. आधी सिनॅमन आवृत्ती घेतली होती. दिसायला देखणी, पण ४ जीबीत फायरफॉक्सचे तीन टॅब उघडले की माऊस अडखळायचा. एक्सएफसीई आवृत्ती उतरवली, ती बरी हलकी. पुढचं सगळं एक्सएफसीईवर.

वायफायचा डोंगल ओळखला नाही. त्याच्या नादाला लागलोच नाही. मोबाइल यूएसबी केबलनं जोडून टिथरिंग चालू केलं, नेट लगेच आलं. नंतर राउटरपासून भिंतीच्या कडेनं साधी लॅन केबल ओढली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. राजारामपुरीत जाऊन २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क, आणली, १,७५० रुपये. दुकानदारानं जुन्या मशीनमधली ४ जीबीची रॅमची काडी ६०० ला दिली, चालली नाही तर परत या बोलीवर. चालली, आता ८ जीबी झाले.

एच६१ च्या बोर्डवर साटाचा, म्हणजे डिस्क जोडायचा, जुना ३ गिगाबिटचाच पोर्ट असतो, त्यामुळं एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही. फरक तरीही जमीन-अस्मानाचा आहे. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर एसएसडीवर घाला.

१९ ऑक्टोबर, रविवार

आईचं डॉक्युमेंट्सचं फोल्डर आणि सगळे फोटो बाहेरच्या १ टीबी डिस्कवर कॉपी केले. मग हार्ड डिस्कची साटा केबल काढून ठेवली. मशीनमध्ये फक्त एसएसडी ठेवली, म्हणजे चुकून विंडोजला धक्का लागायला नको. 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' निवडून पुढं पुढं केलं. डिस्कच एक, त्यामुळं कुठली हा प्रश्नच नाही.

वीस मिनिटं. घड्याळ लावून सांगतोय. मोतीचूर करत असलेल्या बायकोला बोलावून दाखवलं तेव्हा तिच्या कढईतला घाणासुद्धा निघाला नव्हता.

नंतर हार्ड डिस्कची केबल परत लावली आणि बायोसमध्ये बूटचा क्रम बदलून एसएसडी पहिली केली. विंडोज लागलंच तर चालू करताना एफ११ दाबून निवडायचं. झालं. मशीन बटण दाबल्यापासून पंचवीस सेकंदांत तयार.

२० ऑक्टोबर, सोमवार

एकदा विंडोजमध्ये जाऊन बघितलं तर घड्याळ साडेपाच तास मागे. याबद्दल वाचलेलं होतं. मिंट मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. मिंटमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही कमांड दिली की दोघांचं जुळतं. दिली, जुळलं. घड्याळाचा विषय डोक्यातून काढून टाकला. तो काढायला नको होता, हे पाच दिवसांनी कळलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. आईनं सीपीयूला हळदकुंकू लावलं. काम बंद.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला घरी आलो. आई म्हणाली, "तुझं ते नवीन गेलं की रे, जुनंच आलंय."

चालू करून बघितलं तर सरळ विंडोज. मिंटचं नाव नाही. ग्रब उडालं, असा मी निष्कर्ष काढला. ग्रब म्हणजे मिंट चालू करून देणारा छोटा प्रोग्राम. तो उडाल्याच्या तक्रारी इतक्या वाचल्या होत्या की दुसरं काही सुचलंच नाही. एसएसडी दिसते का बघायला कॅबिनेट उघडलं, दोन्ही साटा केबली काढून परत लावल्या. लावताना त्या आलटूनपालटून लागल्या, ते तेव्हा लक्षात आलं नाही.

दिवाळीत मिंटवर काही फार कमावलेलं नव्हतं. म्हटलं, दुरुस्त करत बसण्यापेक्षा परत टाकू, वीस मिनिटांचं तर काम. पेनड्राइव्ह लावला, 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा', पुढं, पुढं, पुढं.

मागच्या रविवारी हार्ड डिस्कची केबल काढलेली होती. आज रात्री बारा वाजता तेवढा कंटाळा केला. त्या पानावर खाली एक छोटी चौकट असते, कुठली डिस्क पुसायची ते सांगणारी. मागच्या वेळी एकच डिस्क असल्यानं तिच्याकडं बघायची गरज पडली नव्हती, म्हणून या वेळीही बघितलं नाही. चौकटीत 'एसडीए' होतं, म्हणजे मिंटच्या लेखी पहिली डिस्क. मागच्या वेळी एसडीए म्हणजे एसएसडी. आज केबली बदलल्यामुळं एसडीए म्हणजे ५०० जीबीची हार्ड डिस्क. आकार शेजारीच लिहिलेला असतो. वाचला असता तर कळलं असतं.

इन्स्टॉल व्हायला वीसच्या जागी पन्नास मिनिटं लागली. तेव्हा तरी शंका यायला पाहिजे होती. मी बाहेर चहा पीत बसलो.

चालू झालं. फाइल मॅनेजर उघडला तर डावीकडं २५६ जीबीची आणखी एक डिस्क. तिच्यात माझं रविवारचं मिंट जसंच्या तसं. म्हणजे ग्रबही उडालेलं नव्हतं आणि मिंटही. उडवलं ते मी, आत्ता, विंडोज.

अंगाला घाम. आईच्या फाइली आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर आहेत, हे तीनदा उघडून बघितलं. आहेत. मग आठवलं की बायकोची भिशीची एक्सेल डेस्कटॉपवर होती. डेस्कटॉपचा बॅकअप घेतलाच नव्हता.

तिला रात्री उठवलं नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत मजकूर आला. सीमॉसचा चेकसम चुकलाय, पुढं जायला एफ१ दाबा.

मी म्हटलं, "हे काय नवीनच?"

आई देवपूजा करता करता म्हणाली, "ते रोजच म्हणतंय. एफ एक दाबायचं. मी दाबतो की रोज."

"कधीपासनं?"

"झाली की दोन वर्षं."

दोन वर्षं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना बायोसची सेटिंग आणि घड्याळ त्याच्या जिवावर टिकतं. सेल मेला की मदरबोर्डची वीज गेल्यागेल्या बायोस सगळं विसरतं आणि मूळ सेटिंगवर येतं. मूळ सेटिंगमध्ये पहिली डिस्क होती हार्ड डिस्क, म्हणजे विंडोज. म्हणून मिंट 'गायब'.

आई रात्री झोपताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करते, वर्षानुवर्षं. एकच डिस्क होती तोवर त्यानं काही बिघडत नव्हतं. सेटिंग उडाली तरी चालू व्हायला विंडोजच, आणि घड्याळ नेट आल्यावर सुधारायचं. मग १९ ते २३ सगळं नीट कसं चाललं? दिव्यांच्या माळा त्याच बोर्डावर होत्या, त्यामुळं बटण रात्रभर चालू. भाऊबीजेच्या रात्री माळा उतरवल्या, बटण बंद झालं आणि शुक्रवारी मिंट गेलं.

सेल कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून आणला. ४० रुपये. बसवला, बूटचा क्रम परत लावला आणि भिंतीवरचं बटण तासभर बंद ठेवून बघितलं. क्रम टिकला.

जुन्या मशीनवर काहीही करण्याआधी तो सेल बदला. आणि चालू होताना मशीन काय म्हणतंय ते जो रोज वापरतो त्याला विचारा. मी दोन वर्षांत सकाळी एकदाही ते मशीन चालू केलं नव्हतं.

दुपारी बायकोला भिशीचं सांगितलं. काय झालं ते नोंदीचा भाग नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

आईला मिंटवर बसवलं. मेनू आवडला, पत्त्यांचा खेळ सापडला, सगळं छान. मग तिनं अभंगांची फाइल उघडली आणि माझ्याकडं बघितलं.

पानभर इंग्रजी अक्षरं, मध्येच अवतरणचिन्हं, मध्येच तिरप्या रेघा. शब्द म्हणून एकही वाचता येत नाही.

फाइल खराब नव्हती. आई २००७ मध्ये क्लासला कृतिदेव शिकली, तेव्हापासून सगळं कृतिदेव ०१० मध्ये आहे. युनिकोड म्हणजे सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत. कृतिदेव युनिकोड नाही. त्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजीच असतात. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा चेहरा लावतो. 'मराठी' हा शब्द त्या फाइलीत ई, जे, के, मोठा बी, एच असा साठवलेला असतो. ई वर म चं चित्र, जे वर र चं, के वर काना. फॉन्ट असला की मराठी दिसतं, फॉन्ट गेला की खालची इंग्रजी उघडी पडते. आणि फॉन्ट होता विंडोजच्या फॉन्ट्सच्या फोल्डरमध्ये, जो मी शुक्रवारी रात्री चहा पीत पुसला.

मराठी घरातल्या पीसीवर लिनक्स टाकणार असाल तर हे आधी करा. विंडोज जिवंत असताना त्याचं फॉन्ट्स फोल्डर कॉपी करून घ्या. कुठला फॉन्ट लागतो ते कळायला लिबरऑफिसमध्ये, म्हणजे वर्डसारख्या मोफत प्रोग्राममध्ये, फाइल उघडा आणि मजकुरात कुठंही क्लिक करा. वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव दिसतं, मशीनवर तो नसेल तर तिरप्या अक्षरात. तो नंबर लिहून घ्या. कृतिदेवचे बरेच नंबर आहेत.

महाद्वार रोडजवळच्या एका बोळात एक लग्नपत्रिकावाला डीटीपी करतो. रविवारीही उघडा होता, लग्नसराई तोंडावर. त्यानं पेनड्राइव्ह घेतला, फॉन्ट टाकला आणि पैसे घेतले नाहीत. "भावा, माझ्याकडं अजून विंडोज ७ हाय. हात लावंना मी त्याला."

फॉन्टची फाइल होम फोल्डरमधल्या फॉन्ट्सच्या जागी ठेवली, फॉन्टची यादी ताजी करणारी 'एफसी-कॅशे' कमांड चालवली, लिबरऑफिस बंद करून उघडलं. सगळे चाळीस अभंग जागेवर. आईनं चष्मा पुसून पहिलं पान वाचलं आणि म्हणाली, "हां."

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मंडळातल्या निम्म्या बायकांना पानं मोबाइलवर पाहिजेत, व्हॉट्सॲपवर. मोबाइलवर कृतिदेव नाही. इतकी वर्षं आई छापील पानाचा फोटो काढून पाठवत होती. मला वाटलं, एवढं झालंच आहे तर फाइली युनिकोडमध्ये बदलून टाकू. सगळा वेळ त्यात गेला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आधी भिशी. फोटोरेक नावाचं मोफत साधन आहे, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टेस्टडिस्क टाकलं की सोबत येतं. पुसलेल्या डिस्कवरून ते फाइली त्यांच्या आतल्या खुणांवरून हुडकतं. दोन गोष्टी सांभाळायच्या. पुसलेल्या डिस्कवर काहीही नवीन लिहायचं नाही आणि सापडलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवायच्या. आम्ही बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या.

रात्री लावलं, साडेसहा तास चाललं. हजारो फाइली मिळाल्या, पण मूळ नावं गेलेली. प्रत्येकीचं नाव म्हणजे 'एफ' आणि पुढं लांबलचक आकडा. एक्सेलच्या तीनशेवर निघाल्या. बायकोनं भाजी निवडायला बसल्यासारखं बसून एकेक उघडली. दीडशेच्या पुढं कुठंतरी भिशी सापडली, सप्टेंबरपर्यंतची. ऑक्टोबरचा हप्ता तिनं आठवणीनं भरला. घरातलं हवामान सुधारलं.

२८ ते ३० ऑक्टोबर

तिन्ही दिवस एकत्र लिहितोय कारण वेगळे आठवत नाहीत.

कृतिदेव ते युनिकोड करून देणारी तयार पानं नेटवर आहेत. पण आईच्या दीडशे फाइली एकेक करून चिकटवत बसणार कोण? पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मिंटमध्ये असतेच. भाच्याला थोडं येतं, त्यानं फोनवर सांगितलं आणि मी टाइप केलं.

कल्पना सोपी. डावीकडं कृतिदेवचं इंग्रजी अक्षर, उजवीकडं मराठी, अशी जोड्यांची यादी करायची आणि बदलत जायचं. पहिल्याच चाचणीला 'शिवाजी' फसला.

कृतिदेवमध्ये शिवाजी असा असतो: एफ, एकेरी अवतरणचिन्ह, के, ओ, के, टी, एच. यात के दोनदा आहे. पहिला के म्हणजे 'श' ची उभी दांडी, अवतरणचिन्ह आणि के मिळून एक श. दुसरा के म्हणजे वा चा काना. मी आधी सगळे के काना करून टाकले, त्यामुळं श चा पत्ताच नाही. म्हणून जोडीची अक्षरं आधी बदलायची. श, ष, ख, ण, ध, थ, भ, घ, क्ष हे सगळे दांडीवाले पहिले, एकटी अक्षरं नंतर. क्रम चुकला की सगळं चुकलं.

मग वेलांटी. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवायची, डावीकडं दाखवायचं काम फॉन्टचं. म्हणून स्क्रिप्टनं वेलांटी उचलून एक अक्षर पुढं ठेवायची. 'शिवाजी' जमला. 'स्थिर' जमला नाही, कारण वेलांटीनं अर्ध्या स ला पूर्ण अक्षर समजून तिथंच बस्तान मांडलं आणि पडद्यावर ठिपक्यांचं एक गोल वर्तुळ आलं. ते वर्तुळ दिसलं की समजायचं, मात्रा लटकतीये. वेलांटीनं सगळी अर्धी अक्षरं ओलांडून पहिल्या पूर्ण अक्षरापर्यंत जायचं, असा नियम घातला.

रफाराचं उलटं. कृतिदेवमध्ये 'कीर्तन' लिहिताना रफार त च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये 'र्' त च्या आधी. म्हणजे तो मागं न्यायचा. 'कीर्तन' झालं, मी खूष. 'धर्माचा' मध्ये मात्र रफार मा च्या कान्यानंतर टाइप केलेला असतो, त्यामुळं एक पाऊल मागं जाऊन तो म आणि कान्याच्या मध्ये अडकला. मात्रा ओलांडून पलीकडच्या अक्षराच्याही मागं न्यावा लागला. बुधवारची रात्र एका रफारावर गेली. कारखान्यात एवढ्या वेळात मोटर रिवाइंड होऊन येते.

गुरुवारी सकाळी आईला प्रूफ वाचायला दिलं. तिनं पाच मिनिटांत विचारलं, "यात विठ्ठल कुठाय?"

चाळीस अभंगांत विठ्ठल कुठंच नव्हता. त्यातलं जोडाक्षर कृतिदेवनं वर टिंबंबिंबं असलेल्या कुठल्यातरी युरोपीय अक्षराच्या जागी बसवलेलं, आणि माझ्या यादीत ती अक्षरं घेतलीच नव्हती. तसली एकवीस निघाली. एकेक अक्षर फॉन्टमध्ये काय दिसतं ते बघून यादीत भरलं. विठ्ठल आला.

शेवटची गंमत मंडळाच्या हिशोबाच्या फाइलीत. खर्चाच्या यादीत 'डपब – ५०० रु.' असं आलं. डपब काय? आईनंही डोकं खाजवलं. मूळ फाइल उघडली तेव्हा कळलं. माइकचं भाडं. आईनं माइक हा शब्द फॉन्ट बदलून इंग्रजीत लिहिला होता, मोठा एम, आय, सी. स्क्रिप्टला काय कळतंय, त्यानं कृतिदेव समजून एम चा ड, आय चा प आणि सी चा ब केला. आम्ही डॉक फाइलीचा साधा मजकूर करून मग बदलत होतो, त्यात कुठला शब्द कुठल्या फॉन्टमध्ये होता ही माहिती जाते. याला अजून उपाय केलेला नाही. इंग्रजी शब्द असलेल्या फाइली हातानं बघायच्या. घरात आता माइकला डपबच म्हणतात.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रिंटर. जुना लेझर आहे. कंपनीचा लिनक्सवरचा ड्रायव्हर जुन्या ३२ बिटच्या लायब्ऱ्या मागतो. दोन तास दिले, कागद आत गेला, कोरा बाहेर आला. सोडून दिलं.

पीडीएफ केली आणि झेरॉक्सवाल्याकडं नेली. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, त्यामुळं त्याच्याकडं काय आहे नाही याचा प्रश्न येत नाही. चाळीस संच काढले. पूर्वी वर्डची फाइल नेली की तिथं निम्मी पानं इंग्रजीत निघायची आणि आई घरी येऊन प्रिंटर चालू करायची. ते कारण मला आत्ता कळलं.

२ नोव्हेंबर, रविवार

कार्तिकी. पानं वाटली. ग्रुपवर मजकूर गेला, तोही वाचता येणारा. एका काकूंनी आईला फोन करून विचारलं, अक्षर मोठं कसं करायचं. मजकूर असल्यामुळं ते मोबाइलवर होतं, फोटोत होत नव्हतं. आई दिवसभर हे सगळ्यांना सांगत होती, स्वतः केल्यासारखं.

एका ठिकाणी चूक राहिली. नवव्या अभंगात एक रफार चुकीच्या अक्षरावर. गाताना कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणे. मला दिसतोय.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहाटे पंचगंगेवर त्रिपुरीचे दिवे बघून आलो, झोप काही येईना, म्हणून शिल्लक लिहून टाकतो.

खर्च: एसएसडी १,७५०, रॅम ६००, पेनड्राइव्ह ३५०, सेल ४०. एकूण २,७४०. झेरॉक्स मंडळाच्या खात्यातून. वेळ मोजला तर चाळीस तासांच्या वर, त्यातले मिंट टाकायचे दोन्ही वेळचे मिळून सत्तर मिनिटं.

राहिलेलं: प्रिंटर. वायफाय डोंगल. आईच्या दीडशे फाइलींपैकी ६२ बदलून झाल्या. ५०० जीबीची डिस्क महिनाभर तशीच काढून ठेवणार, अजून काही आठवलं तर फोटोरेक परत लावता येईल. डेस्कटॉपचाही बॅकअप आता दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर जातो.

आईला काल युनिकोडमध्ये टाइप करायला शिकवायला बसलो. मराठी टायपिंगसाठी आयबस टाकलं, इनस्क्रिप्ट या मांडणीचा कीबोर्ड लावला, कागदावर नकाशा काढून दिला. पंधरा मिनिटं तिनं बघितलं. मग म्हणाली, "वेलांटी आधी लिहायची की नंतर?"

"नंतर."

"हाताला तसं येत नाही. मला आपलं कृतिदेवच लाव. तुझं ते फिरवायचं यंत्र आहे न्हवं?"

लावलं. ती कृतिदेवमध्येच टाइप करते. डेस्कटॉपवर 'फिरवा' नावाचं एक चित्र करून दिलंय. फाइल त्याच्यावर ओढून टाकली की शेजारी युनिकोडची फाइल तयार होते. आज सकाळी तिनं पहिल्यांदा एकटीनं फिरवली. दत्तजयंतीच्या वर्गणीची यादी होती. त्यात परत डपब आहे.